ग्रंथालयाच्या दारातून नागरिकत्वाकडे

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एखाद्या शाखा-ग्रंथालयात कामाच्या दिवशी संध्याकाळी गेले, तर वाचनकक्षाच्या एका कोपऱ्यात एक वर्ग भरलेला दिसतो. दिवसभर टॅक्सी चालवून आलेला बांगलादेशी, हॉटेलच्या मुदपाकखान्यातून सुटलेली इक्वेडोरची बाई, मुलाकडे कायमचे राहावयास आलेले पंजाबी आजोबा असे लोक शाळकरी मुलांसारखे पेन्सिल घेऊन बसलेले असतात. शिक्षिका विचारते, 'या देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?' उत्तर येते, 'राज्यघटना.' पुढचा प्रश्न येतो, मग त्याच्या पुढचा. अमेरिकेचे नागरिकत्व मिळविण्यासाठी जी तोंडी परीक्षा द्यावी लागते, तिची ही तयारी असते. या वर्गाला फी नसते, आणि ग्रंथालयाच्या दारात कोणी कोणाचे कागद तपासत नाही.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत चालणाऱ्या या कामाकडे समाजवादी कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातील एका संस्थेचे कौतुक या पृष्ठावर कशासाठी, असा प्रश्न काही मित्र विचारतील. त्याचे उत्तर असे की, ज्या देशात आजारपणही बाजारात विकत घ्यावे लागते, त्याच देशात ज्ञान मात्र सार्वजनिक मालकीचे ठेवणारी एक संस्था दीड शतकाहून अधिक काळ टिकून आहे. आणि समाजातल्या सर्वांत असुरक्षित माणसाला, म्हणजे परक्या देशातून आलेल्या श्रमिकाला, ती सर्वांत जास्त उपयोगी पडते. ती कशी उभी राहिली, कशी वापरली गेली आणि आज तिच्यावर कोणते सावट आहे, हे समजून घेतले तर आपल्याकडील ग्रंथालयांविषयीही काही विचार सुचण्यासारखा आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळाल्यावर साधारणतः पाच वर्षांनी, आणि जोडीदार अमेरिकन नागरिक असल्यास काही अटींवर तीन वर्षांनी, नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्ज डझनभराहून अधिक पानांचा आहे. गेल्या पाच वर्षांत कोठे राहिलात, कोठे नोकरी केलीत, देशाबाहेर कितीदा आणि किती दिवस गेलात, कधी अटक झाली होती काय, याचा तपशील त्यात भरावा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून या अर्जाचे शुल्क कागदी अर्जास ७६० डॉलर आणि संगणकावरून भरल्यास ७१० डॉलर आहे. ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्यांस ते ३८० डॉलरांवर येते. त्यानंतर मुलाखत होते. तीत इंग्रजी बोलण्याची, एखादे वाक्य वाचण्याची आणि एखादे वाक्य लिहिण्याची परीक्षा होते, आणि देशाच्या इतिहासावर व राज्यव्यवस्थेवर प्रश्न विचारले जातात. २००८ पासून चालत आलेल्या पद्धतीत १०० प्रश्नांची यादी होती. त्यांतील दहापर्यंत प्रश्न विचारीत, आणि सहा बरोबर आले की माणूस उत्तीर्ण होई. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली आहे. विचारावयाचे प्रश्न वीसपर्यंत, आणि त्यांपैकी बारा बरोबर यावे लागतात.

सुशिक्षित संगणक-अभियंत्याला हे सारे क्षुल्लक वाटेल. परंतु दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, मायभाषेतही फारसे न शिकलेल्या माणसाला ७६० डॉलर आणि बारा उत्तरे ही भिंतच आहे. नागरिकत्वास पात्र असूनही अर्ज न केलेल्या कायम रहिवाशांची संख्या त्या देशात सुमारे ९० लाख असल्याचा अंदाज आहे. हे लोक कर भरतात, रस्ते बांधतात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात. मात्र मत देऊ शकत नाहीत, आणि काही विशिष्ट गुन्हे त्यांच्या हातून घडले तर त्यांना देशाबाहेर काढले जाऊ शकते. मताधिकार नसलेला श्रमिक हा मालकाच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा श्रमिक असतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. नागरिकत्व हा भावनेचा विषय आहेच. पण त्याहून अधिक तो वाटाघाटीतल्या बळाचा विषय आहे.

या भिंतीपाशी दलाल उभा असतो. लॅटिन अमेरिकेच्या अनेक देशांत 'नोतारियो' म्हणजे मोठ्या अधिकाराचा विधिज्ञ. अमेरिकेत मात्र नोटरी म्हणजे केवळ सहीचा साक्षीदार. शब्दांच्या या सारखेपणाचा फायदा घेऊन कित्येक भामटे 'नोतारियो' अशी पाटी लावतात, गरिबांकडून शेकडो डॉलर उकळतात आणि चुकीचे अर्ज भरून देतात. चुकीचा अर्ज म्हणजे केवळ पैशाचे नुकसान नव्हे. ज्याने मुळात अर्ज करावयास नको होता, त्याने तो केला तर हद्दपारीचे प्रकरण त्याच्यामागे लागू शकते. अज्ञानाची बाजारातली किंमत किती असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रंथालयाचे काम येथे सुरू होते. त्याचे निरनिराळे भाग वेगळे करून पाहण्याजोगे आहेत. पहिला भाग माहितीचा. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१२ पासून आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात व बहात्तर शाखांत 'नागरिकत्वाचा कोपरा' मांडला. परीक्षेची सरकारी पुस्तिका, प्रश्नपत्रांचे संच आणि विश्वसनीय मदत कोठे मिळेल याची पत्रके तेथे एका फळीवर मिळतात. पुढे २०१३ साली ग्रंथालयांस साहाय्य करणारी केंद्रीय संस्था आणि नागरिकत्व देणारे सरकारी खाते यांच्यात करार होऊन, ग्रंथपालांना या विषयाचे प्रशिक्षण देण्याचे ठरले.

दुसरा भाग भाषेचा. क्वीन्सच्या ग्रंथालयाने १९७७ साली नव्याने आलेल्यांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. इंग्रजीचे वर्ग तर त्यात होतेच. पण त्या त्या वस्तीत जी भाषा बोलली जाते, त्या भाषेतील पुस्तके व नियतकालिके घेण्याचे धोरणही त्यात होते. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. माणसाला नवी भाषा शिकविण्याआधी त्याच्या जुन्या भाषेचा मान राखला, तर तो ग्रंथालयाची पायरी निर्भयपणे चढतो. आपल्या लिपीतले वर्तमानपत्र वाचावयास आलेला म्हातारा सहा महिन्यांनी शेजारच्या खोलीतल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसतो.

तिसरा भाग सरावाचा. मुलाखतीत माणूस अज्ञानापेक्षा भीतीने जास्त अडखळतो. गणवेशातल्या कोणाही माणसापुढे घसा कोरडा पडावा, अशा राजवटींतून यांतील पुष्कळजण आलेले असतात. म्हणून कोठे कोठे स्वयंसेवक अधिकाऱ्याची भूमिका घेऊन खोटी मुलाखत घेतात. 'उजवा हात वर करा' या वाक्याचा अर्थ आधी कळलेला असला की खऱ्या दिवशी हात थरथरत नाही.

चौथा भाग कायद्याचा, आणि तो नाजूक आहे. ग्रंथपाल अर्ज काढून देऊ शकतो, तो कोठे मिळतो व कोठे पाठवावयाचा हे सांगू शकतो. पण 'या रकान्यात काय लिहू?' या प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयाचे नसते, कारण तो कायदेशीर सल्ला होतो. यावर काही ग्रंथालयांनी उत्तम मार्ग काढला. अमेरिकेच्या न्यायखात्याची अशी एक योजना आहे की, मान्यताप्राप्त ना-नफा संस्थेतील प्रशिक्षित व्यक्ती वकील नसतानाही स्थलांतरितांची प्रकरणे हाताळू शकते. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने नवागतांसाठी २००० साली स्वतंत्र विभाग उघडला आणि पुढे ही मान्यताही मिळविली. म्हणजे ज्या इमारतीत मुले गोष्टींची पुस्तके नेतात, त्याच इमारतीत त्यांच्या आईबापांचा अर्ज जाणत्या माणसाकडून भरून मिळतो. दलालाचा धंदा मोडण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हांस माहीत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न पडतो. हे काम एखादी धर्मादाय संस्था करू शकली नसती काय? करू शकते, आणि अनेक संस्था ते मनोभावे करतात. पण धर्मादाय संस्थेच्या दारात जाणारा याचक असतो, आणि ग्रंथालयात जाणारा हक्कदार असतो. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांच्या सुमारे ९ हजार संस्था आणि त्यांच्या सुमारे १७ हजार इमारती आहेत. त्यांचा खर्च मुख्यतः स्थानिक करांतून चालतो, आणि घरभाड्यातून अप्रत्यक्षपणे का होईना, तो कर स्थलांतरित श्रमिकही भरीत असतो. ग्रंथ घरी न्यावयाचा तर पत्त्याचा पुरावा लागतो. बसून वाचावयास, वर्गाला जावयास, संगणक वापरावयास बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. शिवाय तेथील जवळजवळ सर्व राज्यांत वाचकांच्या नोंदी गुप्त राखण्याचे कायदे आहेत. २००१ साली दहशतवादाच्या नावाखाली सरकारने या नोंदी मागण्याचे अधिकार घेतले, तेव्हा ग्रंथपालांच्या संघटनेने उघड विरोध केला, आणि कनेक्टिकटचे चार ग्रंथपाल २००५ साली सरकारविरुद्ध न्यायालयात उभे राहिले. ज्याला सरकारी कचेरीची भीती वाटते असा माणूस ग्रंथालयात निःशंकपणे जातो, त्याच्यामागे असे झगडे आहेत.

अर्थात या संस्थेचा इतिहास निष्कलंक नाही, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील सोळाशेहून अधिक ग्रंथालये अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाच्या पैशातून बांधली गेली. त्याच कार्नेगीच्या होमस्टेड येथील कारखान्यात १८९२ साली कामगारांची संघटना भाडोत्री पहारेकऱ्यांच्या आणि राज्याच्या सैन्याच्या बळावर मोडण्यात आली. माणसे मारली गेली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच होमस्टेडला कार्नेगीने भव्य ग्रंथालय दिले. बारा तास भट्टीपुढे उभे राहणाऱ्याने ते वाचावयास जावे केव्हा, हा कामगारांचा प्रश्न रास्त होता. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी या देणग्यांना विरोध केला, तो याच कारणाने. परंतु कार्नेगीने घातलेली एक अट पुढे लोकांच्या उपयोगी पडली. तो केवळ इमारतीचे पैसे देई. देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरसाल करातून खर्च करण्याचे वचन गावाला द्यावे लागे. दात्याचा हेतू काहीही असो, त्या अटीमुळे ग्रंथालय हे दानाचे न राहता गावाचे कायमचे कर्तव्य झाले. भांडवलदाराच्या देणगीवर लोकांनी आपली मालकी कशी बसविली, याचे हे उदाहरण आहे.

दुसरा डाग अधिक खोल आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत 'अमेरिकीकरणा'ची मोठी चळवळ झाली. तिच्यामध्ये ग्रंथालयेही सामील होती. इटालियन स्थलांतरितांसाठी त्यांच्याच भाषेत मार्गदर्शक पुस्तिका १९१० साली निघाली, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंसाठी न्यूयॉर्कच्या दाट वस्त्यांतील शाखांत यिद्दिश ग्रंथ ठेवले गेले, ही त्या काळाची उजळ बाजू. पण परक्याला लवकरात लवकर आपल्यासारखा करून टाकावा, त्याचा पोशाख, जेवण, भाषा आणि विशेषतः त्याची जहाल राजकीय मते पुसून टाकावीत, हीही त्या चळवळीची एक इच्छा होती. संपकरी कामगार हा 'अमेरिकन न झालेला' माणूस, असे समीकरण त्या काळी मांडले जाई.

आणि काहींना तर हे दारच बंद होते. १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा अधिकार 'स्वतंत्र गोऱ्या माणसां'पुरता ठेवला होता. १८७० साली तो आफ्रिकन वंशीयांना दिला गेला, आशियाई वगळलेच राहिले. अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात १९२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व आधी मिळाले होते, त्यांतील अनेकांचे ते काढून घेतले गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये या अपमानापोटी आत्महत्या केली. हा निर्णय आला तेव्हा जयप्रकाश नारायण नावाचा एक तरुण विद्यार्थी कॅलिफोर्नियात होता; शेतांवर मजुरी करून तो शिक्षणाचा खर्च भागवीत असे. पुढे विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात त्याने मार्क्स वाचला, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासाला वळण मिळाले. अखेर १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशाची मुभा मिळाली. त्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांतील दलीपसिंग सौंद हे १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत थेट अमेरिकन लोकसभेवर निवडून आले.

तात्पर्य हे की, ग्रंथालय माणसाला परीक्षेसाठी तयार करते. परीक्षेला कोणास बसू द्यावयाचे, हे राजकारण ठरविते. आजही तेच खरे आहे. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेचे नागरिकत्व घेणाऱ्यांत मेक्सिकोखालोखाल भारतात जन्मलेल्यांची संख्या आहे, आणि त्यांत मराठी माणसेही आहेत. त्याच वेळी देशवार मर्यादेमुळे लक्षावधी भारतीय ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठत आहेत. ही रांग कोणताही ग्रंथपाल तोडू शकत नाही. ग्रंथालयाकडून कायद्याच्या सुधारणेची अपेक्षा करणे म्हणजे दवाखान्याकडून गिरणीची हवा स्वच्छ करण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे.

या कामावर आज दुहेरी संकट आहे. १४ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी, ग्रंथालयांस मदत करणारी जी केंद्रीय संस्था वर उल्लेखिली, ती कायद्याने शक्य तितकी मोडीत काढण्याचा आदेश काढला. तिच्या बहुतेक कर्मचाऱ्यांस रजेवर पाठविण्यात आले, आणि एकवीस राज्ये याविरुद्ध न्यायालयात गेली. त्याच वर्षी नागरिकत्वाच्या वर्गांना मिळणारी केंद्रीय अनुदानेही थांबविण्यात आली. एका हाताने परीक्षा कठीण करावयाची आणि दुसऱ्या हाताने शिकवणी बंद करावयाची, असे हे धोरण आहे. 'आमच्यासारखे व्हा' असे म्हणणारी १९१८ ची सत्ता निदान शाळा तरी उघडीत होती. आजची सत्ता शाळेचे दारही ओढून घेऊ पाहते. अशा वेळी स्थानिक करांवर चालणारी ग्रंथालये आपले वर्ग चालू ठेवू शकतात, याचे कारण त्यांची मुळे गावाच्या अंदाजपत्रकात आहेत. विकेंद्रीकरणाची महती सांगणाऱ्या डॉ. लोहियांच्या अनुयायांना हे मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही.

परीक्षेविषयीही दोन शब्द. प्रश्नोत्तरे पाठ करून कोणी नागरिक होत नाही, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. जन्माने नागरिक असलेल्या किती जणांना ती उत्तरे येतील, हाही प्रश्नच आहे. पण ग्रंथालयातला वर्ग नीट चालला, तर पाठांतराच्या आडून दुसरेच काही घडते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कार्याविषयीचा एक प्रश्न यादीत आहे. त्याचे उत्तर एका ओळीचे आहे. पण तो विचारला की वर्गातील कोणीतरी विचारतो, असे का करावे लागले? आणि मग कायदा व न्याय यांतील अंतराची चर्चा सुरू होते. नानादेशीय श्रमिक एका टेबलाभोवती बसून ती चर्चा करू लागले की, त्यांना मिळणारे शिक्षण प्रमाणपत्राच्या पलीकडचे असते. आपल्याकडील अभ्यासमंडळे याहून वेगळे काय करीत होती?

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकन ग्रंथालयांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेले बडोद्याचे सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले, तेथील ग्रंथालये पाहून प्रभावित झाले, आणि १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. गावाने काही रक्कम जमवावी, तितकीच भर पंचायतीने व सरकारने घालावी, आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरवावीत, अशी व्यवस्था त्या संस्थानात उभी राहिली. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस वाचीत बसले. गावातल्या पाणवठ्यावर ज्याला मज्जाव होता, त्याला परदेशीच्या ग्रंथालयाने मज्जाव केला नाही. त्याच माणसाने पुढे या देशाला नागरिकत्वाची व्याख्या लिहून दिली.

या वारशाचे आपण काय केले? १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, पण ग्रंथालय-कराची तरतूद त्यात केली नाही. राज्यात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत, आणि 'ड' वर्गातील ग्रंथालयाच्या सेवकाला मिळणारे मानधन किमान वेतनाच्या जवळपासही पोचत नाही. कार्नेगीच्या अटीतला जो शहाणपणाचा भाग होता, नेमका तोच आपण गाळला.

नागरिकत्वाचा प्रश्नही आपल्यापासून दूर राहिलेला नाही. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक-नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. त्यांतील किती जण केवळ कागद जपून न ठेवता आल्यामुळे परके ठरले, याचा विचार मन अस्वस्थ करतो. त्याच वर्षाच्या अखेरीस नागरिकत्व कायद्यात धर्माची कसोटी घुसविण्यात आली. १७९० च्या अमेरिकन कायद्यातील रंगाच्या कसोटीशी तिचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार, परदेशी माणसाला भारताचे नागरिक व्हावयाचे असेल तर घटनेच्या आठव्या परिशिष्टातील एखादी भाषा त्याला पुरेशी यावी लागते. मराठी ही त्यांतील एक भाषा. पण अशा माणसाला मराठी शिकविण्याची, घटना समजावून देण्याची जबाबदारी आपल्या कोणत्या संस्थेने घेतली आहे?

परदेशी माणसांचे राहो. बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण येथून आलेले बांधकाम-मजूर तर या देशाचे पूर्ण नागरिक आहेत. बीडचे ऊसतोड कामगार तर आपल्याच राज्याचे. तरी शिधापत्रिका दुसऱ्या गावी कशी चालते, मतदारयादीत नाव कसे हलवावयाचे, बांधकाम-कामगार म्हणून नोंद कोठे करावयाची, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगतो तो पैसे घेऊन सांगणारा मुकादम किंवा दलाल. नोतारियोचा तो मावसभाऊच. परप्रांतीयाला मराठी येत नाही म्हणून त्याच्या मुस्काटात मारण्याचे प्रकार २०२५ मध्येही मुंबईच्या परिसरात घडले, आणि काहींनी त्याला भाषाप्रेम म्हटले. थपडेने कोणाला भाषा आलेली आम्ही पाहिली नाही. भाषा शिकवावयाची तर संध्याकाळी सात वाजता, कामगार सुटल्यावर, त्याच्या वस्तीजवळच्या वाचनालयात, विनामूल्य शिकवावी लागते. आणि त्या वाचनालयात एक हिंदी, एक तेलुगू वर्तमानपत्रही ठेवावे लागते.

म्हणून कार्यकर्ते मित्रांना आमचे तीन गोष्टींविषयी आग्रहाचे सांगणे आहे. पहिली, ज्या ज्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आपली माणसे आहेत, तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी स्थलांतरित कामगारांसाठी मराठीचा आणि कागदपत्रांच्या मदतीचा वर्ग सुरू करावा. निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, तरुण वकील यांची त्यासाठी उणीव पडणार नाही. प्रस्तुत लेखकासारखे निवृत्त प्राध्यापकही या कामास अगदीच निरुपयोगी नसतात. दुसरी, कायद्याचा सल्ला देणारा माणूस जाणता असावा. अर्धवट माहितीने केलेली मदत दलालीइतकीच घातक ठरते, हा अमेरिकन ग्रंथपालांचा धडा विसरू नये. तिसरी, ग्रंथालय-कराची मागणी पुन्हा एकदा पक्षाच्या कार्यक्रमावर यावी, आणि ग्रंथालय-सेवकांच्या वेतनाचा लढा आपल्या कामगार-आघाडीने आपला मानावा. सेवक अर्धपोटी ठेवून ग्रंथालयाकडून लोकशिक्षणाची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यांतील एक. त्या नियमात वाचकाची जात नाही, धर्म नाही, जन्मस्थळ नाही, आणि हातात कोणता कागद आहे तेही नाही. क्वीन्समधील त्या वर्गात पेन्सिल घेऊन बसलेल्या इक्वेडोरच्या बाईने तो नियम कधी ऐकलेला नसेल, परंतु ती त्याचाच उपयोग करीत असते. उद्या ती शपथ घेईल आणि पुढच्या निवडणुकीत मत देईल. आपल्या गावच्या वाचनालयाची पायरी चढावयास संकोचणारा बांधकामावरचा मजूर मात्र अजून बाहेरच उभा आहे. त्याला आत बोलावणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारच्या आदेशाची वाट पाहावयास नको.